शाळेने काढून दिलेल्या तिकिटावरचे माइल्स कोणाचे?

विदर्भकन्या:
नमस्कार. दुबईतील भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेत मी चार वर्षांपासून गणित शिकवते. करारानुसार मला वर्षातून एकदा मायदेशी जाण्या-येण्याचे तिकीट मिळते. ते शाळेच्या ठरलेल्या एजंटाकडून निघते आणि प्रवास बहुधा जुलैत, सुट्टी लागते त्याच आठवड्यात होतो. यजमानांचे व मुलीचे तिकीट आम्ही स्वतः काढतो. कधी एमिरेट्सने मुंबईमार्गे, कधी कतार एअरवेजने दोह्यामार्गे आम्ही नागपूर गाठले. मात्र विमानकंपन्यांच्या एकाही सदस्यखात्यात तिकीट निघेल इतके माइल्स (प्रवास केल्यावर जमा होणारे, पुढे तिकिटासाठी वापरता येणारे गुण) साठलेले नाहीत. शाळेने पैसे भरलेल्या तिकिटाचे माइल्स मला मिळतात का? आणि वर्षातून एकाच फेरीसाठी हा खटाटोप करावा का?

आखातकर:
विदर्भकन्याताई, तिकिटाचे पैसे कोणीही भरले तरी माइल्स प्रवास करणाऱ्याच्याच खात्यात जमा होतात, त्यामुळे ते तुमचेच आहेत. अडचण अशी की एजंटाला आपला सदस्यक्रमांक ठाऊक नसतो आणि तो विचारतही नाही. तिकीट हाती येताच त्यावरील सहा अक्षरी पीएनआर (आरक्षण क्रमांक) विमानकंपनीच्या संकेतस्थळावर टाकून क्रमांक स्वतः जोडावा. चेक-इनच्या वेळीही तो जोडता येतो, परंतु जुलैतल्या त्या रांगेत, सामानाचे वजन करून घेताना, आपल्याला त्याची आठवण राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

तुमचे माइल्स विखुरले आहेत, हे खरे दुखणे आहे. एमिरेट्सचे स्कायवर्ड्स माइल्स साधारण 3 वर्षांनी, आपल्या जन्ममहिन्याच्या अखेरीस बाद होतात. म्हणजे वर्षाआड त्या कंपनीने जाणाऱ्याचे जुने माइल्स नवे पुरेसे जमण्याआधीच संपतात. कतार एअरवेजकडे 2022 पासून माइल्सऐवजी एव्हिऑस हे चलन आहे आणि 36 महिन्यांत एकदा तरी ते कमावले किंवा खर्चले, तर शिल्लक टिकते. वर्षातून एकदाच प्रवास करणाऱ्या शिक्षकाला हा दुसरा नियम अधिक मानवतो, असे मला वाटते. त्यातून दोह्याहून थेट नागपूरला उतरता येत असेल, तर मुंबईला विमान बदलण्याचा त्रासही वाचतो. कोणतीही एक कंपनी धरा, पण तिघांचेही माइल्स कुटुंबाच्या सामाईक खात्यात एकत्र करा.

सातारची लेक:
नावाकडेही लक्ष द्यावे. माझे सदस्यत्व माहेरच्या नावाने होते आणि लग्नानंतर नवा पासपोर्ट सासरच्या नावाने निघाला. दोन वर्षांचे प्रवास खात्यात दिसेनात, तेव्हा चौकशी केल्यावर नावे जुळत नसल्याचे कळले. विवाह प्रमाणपत्र पाठवून नाव दुरुस्त झाले, पण मागील प्रवासांवर दावा करण्याची मुदत उलटून गेली होती. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे लावतात. ते पासपोर्टवर ज्या रकान्यात असेल त्याच रकान्यात सदस्यत्वाच्या अर्जातही लिहावे. बोर्डिंग पासचा तुकडाही माइल्स जमा झालेले दिसेपर्यंत जपून ठेवावा.

गणितप्रेमी:
वरील सूचना योग्य आहेत, तरीही माइल्ससाठी एक दिरहमही जास्त मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एमिरेट्सच्या सर्वांत स्वस्त ‘स्पेशल’ भाड्यावर ‘फ्लेक्स’च्या मानाने फारच थोडे माइल्स मिळतात, आणि तो फरक भरून काढण्यासाठी महाग तिकीट घेतले तर हिशेब हमखास तोट्यात जातो. शिवाय माइल्सवर काढलेल्या तिकिटावरही कर आणि कंपनीचे अधिभार रोखीने भरावे लागतात. स्कायवर्ड्सच्या रुपेरी श्रेणीला 25,000 टिअर माइल्स (सदस्याची श्रेणी ठरवण्यासाठी वेगळे मोजले जाणारे माइल्स) लागतात. इकॉनॉमीच्या एका वार्षिक फेरीत ते होत नाहीत, म्हणून तो विचार सोडून द्यावा. बँका माइल्सचे आमिष दाखवून क्रेडिट कार्ड देतात, परंतु महिन्याचे संपूर्ण बिल वेळेवर फेडण्याची शिस्त नसेल, तर व्याजात अख्ख्या तिकिटाचे पैसे जातात. आमच्या स्टाफरूममध्ये हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

विदर्भकन्या:
सर्वांचे मनापासून आभार. आताच पासपोर्ट काढून पाहिला: यजमानांचे नाव माझ्या नावाला जोडून एकाच रकान्यात आहे आणि स्कायवर्ड्सच्या खात्यात ते मुळीच नाही. ही दुरुस्ती आज करते. एजंटाला तिघांचे क्रमांक उद्या लेखी कळवीन.