अनुभव धागा: अमेरिकेतल्या ट्रान्सफर अर्जात उपक्रम कसे मांडायचे?

अमेरिकेत एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायचं ठरलं, की बरीच मुलं शाळा संपताना भरलेल्या अर्जातली उपक्रमांची यादी उचलून तशीच इथे चिकटवतात. ट्रान्सफरचा अर्ज वाचणारा मात्र वेगळं काही शोधत असतो. ज्यांनी असे अर्ज भरलेत, मुलांकडून भरून घेतलेत किंवा वाचलेत, त्यांनी इथे लिहावं ही विनंती. आपापल्या कहाण्या नकोत. काय लिहायचं, किती लिहायचं आणि कुठे फसतं, तेवढं नेमकं सांगा.

कम्युनिटी कॉलेजातली समुपदेशक

आधी प्रमाण लक्षात घ्या. ट्रान्सफरमध्ये सगळ्यांत जास्त वजन कॉलेजातल्या जीपीएला (गुणांच्या सरासरीला) आणि तुमच्या विषयासाठी लागणारे पायाभूत कोर्स झालेत का, याला असतं. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचा (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा) कोणता कोर्स कुठल्या सरकारी विद्यापीठात कशाऐवजी धरला जातो, हे ‘असिस्ट’च्या संकेतस्थळावर पाहता येतं. कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) बहुतेक कॅम्पसना तर उपक्रमांशी देणंघेणंच नसतं. तेव्हा ज्याचं कॅल्क्युलस अजून बाकी आहे, त्याने चौथा क्लब धरू नये. उपक्रम कामी येतात ते गुण आणि कोर्स जवळपास सारखे असलेल्या अर्जांमधून निवड करताना. यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे) जास्त मागणीचे कॅम्पस आणि निवडक खाजगी विद्यापीठं यांत ही वेळ हमखास येते.

शाळेतलं किती ठेवायचं, हा प्रश्न नेहमी येतो. एकाच वर्षानंतर बदली मागत असाल, तर कॉलेजात दाखवण्यासारखं थोडंच जमलेलं असतं आणि शाळेचे गुणही बहुधा पाहिले जातात. अशा वेळी शाळेतल्या दोन-तीन भक्कम गोष्टी चालतात. दोन वर्षांनंतर जात असाल, तर शाळेतलं फक्त तेच ठेवा जे अजून चालू आहे, किंवा जे राज्य वा राष्ट्रीय पातळीवरचं आहे. यादीत सगळ्यांत वर कॉलेजातलं, विषयाशी जोडलेलं आणि अजून चालू असलेलं काम हवं.

यूसीचे अर्ज भरून घेणारा

यूसीच्या अर्जात उपक्रम आणि पुरस्कारांच्या जास्तीत जास्त २० नोंदी करता येतात. नावाला ६० अक्षरं, वर्णनाला ३५०. ही मोजणी कॅरेक्टरची आहे, शब्दांची नव्हे. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हंही तिच्यात येतात. नोकरी, स्वयंसेवा, पुरस्कार, अभ्यासेतर उपक्रम असे वेगवेगळे गट आहेत आणि प्रत्येक नोंद योग्य गटात जायला हवी. पगारी शिकवणी ‘स्वयंसेवा’त टाकली, तर ती खोटी दिसते. वीसच्या वीस नोंदी भरायची सक्ती नाही. आठ ठोस नोंदींच्या शेपटाला एका दिवसाच्या सफाई मोहिमा जोडल्या, की त्या आठही फिक्या पडतात.

याशिवाय ३५० शब्दांपर्यंतची चार उत्तरं लिहायची असतात. त्यातलं ‘या विषयासाठी तुम्ही कशी तयारी केलीत’ हे ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचं, बाकी तीन सातांतून निवडायची. यादीत ‘काय, किती, कधी’ द्या. ‘का आणि त्यातून काय उमगलं’ हे उत्तरांत येऊ द्या. तेच वाक्य दोन्हीकडे टाकलं, तर एक जागा फुकट गेली असं समजा. तारखा आणि तास मात्र दोन्हीकडे तंतोतंत जुळलेच पाहिजेत.

काही अर्जदारांना यादीतल्या एखाद्या गोष्टीचा पुरावा मागितला जातो. तो दिला नाही, तर अर्ज रद्द होऊ शकतो. पगाराची पावती, प्रमाणपत्र, समन्वयकाची ईमेल हे अर्ज भरण्याआधीच एका फोल्डरमध्ये ठेवा.

सांख्यिकी शिकवणारी, अर्ज तपासून देणारी

सर्वांत जास्त चुका तासांच्या रकान्यात होतात. ‘वर्षातले आठवडे’ या जागी ५२ लिहिलेले क्लब सर्रास दिसतात. सेमिस्टर साधारण १५–१६ आठवड्यांचं असतं, म्हणजे कॅम्पसवरच्या क्लबचे वर्षाला ३० ते ३२ आठवडे धरायचे. क्वार्टर पद्धतीत दहा-दहा आठवड्यांचे तीन, म्हणजे ३०. सुट्टीतही क्लब खरोखर चालू असेल, तरच त्याहून मोठा आकडा लिहा.

मग आठवड्याची बेरीज करा. १५ क्रेडिट घेणाऱ्याचे वर्गात सुमारे १५ तास जातात आणि एका क्रेडिटमागे घरचा अभ्यास दोन तास धरला, तर ३० तास; एकूण ४५. त्यावर ४० तासांची नोकरी आणि २० तासांचे क्लब लिहिले, तर १०५ होतात. आठवडा १६८ तासांचा. झोप, प्रवास, जेवण कुठे बसवणार? वाचणाऱ्याच्या डोक्यात हा हिशेब आपोआप होतो. नोकरी सुट्टीत ४० तास आणि सत्रात १२ तास असेल, तर ते वेगळं दाखवा. एका रकान्यात सरासरी द्यावीच लागली, तर वर्णनात खुलासा करा. काम कमी-जास्त होत असेल, तर वर्षाचे एकूण तास काढून आठवड्यांनी भागा. सर्वांत व्यस्त आठवड्याचा आकडा उचलू नका.

लेखन केंद्रातला शिकवणारा

वर्णनाची सुरुवात क्रियापदाने करा. ‘मी’ गाळा आणि संस्थेची ओळख एका तुकड्यात आटपा. नमुना घ्या: ‘रसायनशास्त्र क्लबचा सक्रिय सदस्य असून विविध उपक्रमांत उत्साहाने सहभाग घेतला.’ यातून काहीच कळत नाही. तेच असं लिहा: ‘दर शुक्रवारी पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचा सराववर्ग घेतला, सरासरी १२ विद्यार्थी. समीकरणं संतुलित करण्याचे सरावसंच तयार केले. पुढच्या सत्रात दोन नव्या शिक्षकांना तेच शिकवले.’ काम, व्याप, आणि आपल्यामागे काय उरलं, हे तिन्ही आले. आकडा माहीत नसेल, तर रचू नका. ‘दर आठवड्याला’ इतकंही पुरतं.

क्लबचं नाव लघुरूपात कधीच देऊ नका. तुमच्या कॅम्पसवर सर्वांना ठाऊक असलेली तीन अक्षरं बाहेर कुणालाच कळत नाहीत. फाय थीटा कॅप्पा ही दोन वर्षांच्या कॉलेजांची मानाची संस्था ओळखीची आहे. पण तिचं नुसतं सभासदत्व गुणांवर मिळतं, म्हणून ते पुरस्कारात टाका. तिथे खरंच एखादा प्रकल्प चालवला असेल, तर त्याची उपक्रम म्हणून वेगळी नोंद करा. ‘अध्यक्ष’ या पदाचंही तसंच आहे. पद नावाच्या रकान्यात आलं की वर्णनात पुन्हा नको. त्या जागेत पदावर असताना काय बदललं ते लिहा.

नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी, एका पालकाकडून

किराणा दुकानातली रात्रपाळी, धाकट्या भावंडाला शाळेत पोचवणं, आजीच्या दवाखान्याच्या फेऱ्या आणि दुभाषाचं काम, हे सगळं लिहायचं असतं. मुलं लाजून वगळतात आणि मग आठवड्याचे २५ तास अर्जातून गायब होतात. घरची जबाबदारीही बाकी उपक्रमांसारखीच लिहावी: कामं, तास, कधीपासून. केविलवाणा सूर नको. अमुक सत्रात क्रेडिट कमी घेतले असतील, तर या नोंदीच्या तारखांवरून त्याचं कारण आपोआप कळतं. मला हा अर्जातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांसाठी

सत्र चालू असताना कॅम्पसवरच्या नोकरीची मर्यादा आठवड्याला २० तास आहे. कॅम्पसबाहेर काम करायला परवानगी लागते. त्यामुळे २६ तासांची ग्रंथालयातली नोकरी लिहिली, तर तो नुसता टायपिंगचा दोष राहत नाही. स्टायपेंड मिळणारी इंटर्नशिप ‘स्वयंसेवा’ म्हणून दाखवू नका. शंका असेल, तर अर्ज पाठवण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा.

खाजगी विद्यापीठांचे अर्ज पाहिलेली

इथे ‘बदली का हवी’ या निबंधाशी यादी जुळणं महत्त्वाचं. निबंधात संशोधनाची ओढ आणि यादीत फक्त नृत्य नि क्रिकेट, तर वाचणारा अडखळतो. नृत्य काढू नका, पण विषयाशी जोडलेली एक तरी गोष्ट वर हवी. दोन वर्षांच्या कॉलेजात प्रयोगशाळा मिळाली नसेल, तर खुल्या डेटावर केलेलं विश्लेषण किंवा प्राध्यापकासोबतचा स्वतंत्र अभ्यासही चालतो. सध्याच्या कॉलेजला नावं ठेवू नका; तिथे जे होतं ते वापरून झालं आणि पुढचं तिथे नाही, इतकं यादीतून दिसलं की काम झालं. शिफारसपत्र देणारे प्राध्यापक क्लबचे सल्लागारही असतील, तर त्यांना तुमची यादी आधी पाठवा, म्हणजे पत्रातले तास आणि पद तुमच्या नोंदीशी जुळतील. आणि सबमिट करण्यापूर्वी प्रीव्ह्यूची पीडीएफ काढून शेवटचं अक्षर तुटलंय का, ते प्रत्येक नोंदीत पाहा. दुसरीकडून चिकटवलेला मजकूर बऱ्याचदा मध्येच कापला जातो.