नव शापेल आणि मेनिन गेट: काय न्यावं, कसं उभं राहावं?

कराडची_लेक:
नमस्कार मंडळी. मी मूळची कराडकडची, सध्या नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला. माझ्या आजोबांचे चुलते पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले ते आलेच नाहीत. घरात एवढंच ठाऊक, की ते "खडकीच्या सुरुंगवाल्या पलटणीत" होते. तिथी माहीत नाही म्हणून आजी सर्वपित्रीला त्यांचं पान वाढायची.

मागच्या महिन्यात कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधत बसले. चार वेगवेगळी स्पेलिंगं टाकल्यावर सापडले! 3री सॅपर्स अँड मायनर्स, 20 नंबरची कंपनी, 28 ऑक्टोबर 1914. वडिलांचं नाव, गाव, जिल्हा सातारा. आडनाव नाही. समाधी नाही, फ्रान्समधल्या नव शापेल गावच्या भारतीय स्मारकाच्या भिंतीवर नाव आहे.

नोव्हेंबरात जातेय. आधी बेल्जियममध्ये ईपरच्या मेनिन गेटला, म्हणजे युद्धात हरवलेल्यांच्या स्मारक-कमानीखाली, रात्री आठला लास्ट पोस्ट (मृत सैनिकांसाठीची बिगुलाची धून) वाजतो, तिथे पुष्पचक्र वाहायची परवानगी अर्ज करून मिळाली आहे. इतर देशांचे सैनिकही असतील म्हणे. मी आयुष्यात कधी परेड केलेली नाही. हात कुठे ठेवायचे इथपासून प्रश्न आहेत. आणि भिंतीवरच्या नावाला हळदकुंकू लावलं तर चालेल का?

सुभेदार_निवृत्त:
ताई, मी खडकीच्या बीईजीत, म्हणजे लष्कराच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये (तीच जुनी सॅपर्स अँड मायनर्स), 26 वर्षं काढली. तुमचे आजोबा आमचेच.

28 ऑक्टोबरला काय झालं ते आधी ऐका. सॅपरचं काम पूल बांधायचं, खंदक खणायचं, सुरुंग लावायचं. त्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून 20 आणि 21 नंबरच्या कंपन्यांना 47 सिख पलटणीबरोबर थेट हल्ल्याला पाठवलं. गाव जर्मनांच्या हातात. आपली माणसं उघड्या रानातून चालत आत घुसली, घराघरातून संगिनींनी लढली. पाठीमागून कुमक आलीच नाही आणि गाव सोडावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी ठार नाहीतर जखमी. इतक्या कसलेल्या कारागिरांना पायदळासारखं वापरलं याचा मला आजही राग येतो. असो.

तुम्ही सॅल्यूट करायचा नाही. गणवेश आणि टोपी नसेल तर सॅल्यूट नाही. सरळ सावधान उभ्या राहा, मुठी बंद, नजर समोर. पुष्पचक्र दोन्ही हातांनी ठेवा, एक पाऊल मागे या, मान झुकवा, मग वळा. बिगुल वाजताना फोन पर्समध्ये. संपल्यावर टाळ्या नाहीत. हळदकुंकू दगडाला लावू नका, डाग जात नाही. खाली मातीत वाहा, पोचतं.

रोखठोक:
इंग्रजांचं साम्राज्य वाचवायला मेले. त्यांना हुतात्मा का म्हणायचं?

कराडची_लेक:
मी कुठे म्हटलं? कोरडवाहू जमीन, पाच भावंडं आणि शिपायाला महिना 11 रुपये पगार. माझ्यासाठी ते आजोबा आहेत.

लीलचा_गोंयकार:
मी फ्रान्समध्ये लीलला राहतो, नव शापेल इथून गाडीने जवळच. स्मारक गोल आहे, भोवती जाळीची दगडी भिंत, उंच खांब, पायाशी दोन वाघ. 4,700 हून जास्त नावं आहेत, तेव्हा पलटण बघून शोधा, नाहीतर दिवस जाईल. रस्त्यापलीकडे पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, ती चुकवू नका. 9 एप्रिल 1918 च्या लढाईत त्यांचीही धूळधाण उडाली. आम्हां गोंयकारांना त्या दोन फाटकांच्या मधोमध उभं राहिलं की जरा विचित्रच वाटतं.

फुलांची काळजी नको. 1 नोव्हेंबरला इथे सगळे समाधीवर शेवंती ठेवतात, त्यामुळे दुकानं शेवंतीनं भरलेली असतात.

कराडची_लेक:
जाऊन आले. लिहीन म्हणाले होते म्हणून लिहितेय.

मेनिन गेटच्या कमानीखाली कापरं भरवणारी थंडी. भिंतींवर 54,000 च्या वर नावं, ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांची. त्यांत आपलीही पलटणींनुसार आहेत. बिगुल वाजवणारे सैनिक नाहीत, तिथल्या अग्निशमन दलातले आहेत हे मला माहीत नव्हतं. 1928 पासून हे चालू आहे. जर्मनांचा कब्जा होता तेवढी वर्षं इंग्लंडमध्ये वाजवत होते आणि गाव सुटलं त्याच संध्याकाळी पुन्हा इथे सुरू केलं.

माझ्यापुढे ब्रिटिश सैनिकांची एक तुकडी होती, मागे दोन कॅनेडियन गणवेशातले. मी साडीवर जाड कोट घातलेला, हातात पॉपीच्या लाल फुलांचं चक्र आणि त्याला मीच गुंडाळलेली पिवळी शेवंती. सुभेदारकाका, मुठी बंद ठेवल्या. एक पाऊल मागे यायचं मात्र विसरले आणि तशीच वळले. कोणी काही म्हणालं नाही.

संपल्यावर त्या तुकडीतला एक पोरगा, असेल बावीस-तेवीसचा, जवळ आला. तोही सॅपर निघाला, त्यांच्या रॉयल इंजिनिअर्समधला. चक्रावरच्या चिठ्ठीतलं नाव कसं उच्चारायचं विचारलं. मी सांगितलं. त्यानं दोनदा म्हणून पाहिलं, जमलं. मग गाव विचारलं. आमच्या गावाच्या नावात ळ आहे. ते काही केल्या येईना. ल म्हणे, र म्हणे, परत माझ्या तोंडाकडे बघे. आम्ही दोघंही हसायला लागलो, त्या जागी हसू नये हे कळत असूनही.

दुसऱ्या दिवशी नव शापेलला नाव सापडलं. खांद्याएवढ्या उंचीवर आहे. हळदकुंकू खाली मातीत वाहिलं. आईला व्हिडिओ कॉल लावला, तर ती म्हणाली, "जरा बाजूला हो, नाव दिसू दे."