तांबड्या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात की संपवतात?

फोंडेकरीण: मी उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात आणि त्यामुळे वाहिनी सैलावते, हा शोध १९९८ च्या नोबेल पारितोषिकामुळे सर्वांना ठाऊक झाला. पण तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन हा वायू क्षणार्धात संपवते. मग तांबड्या पेशीही तो तयार करतात, असे म्हणण्याला अर्थ काय?

म्हापशाचा पॅथॉलॉजिस्ट: दोन्ही विधाने खरी आहेत. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनची या वायूशी गाठ पडली की नायट्रेट उरते. तरीही निरोगी रक्तात हा नाश आटोक्यात राहतो, कारण वाहत्या रक्तात तांबड्या पेशी मध्यभागी सरकतात, भिंतीलगत प्लाझ्माचा, म्हणजे रक्तातल्या द्रव भागाचा, पातळ थर उरतो आणि पेशीचे आवरणही वायूला काहीसा अडथळा करते. उलट ऑक्सिजन कमी असलेल्या ठिकाणी तेच हिमोग्लोबिन नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनवू शकते. म्हणजे जिथे रक्ताची निकड, तिथेच वाहिनी रुंदावण्याची सोय. शिवाय अस्तरात हा वायू बनवणारे जे विकर (एन्झाइम) असते, ते तांबड्या पेशींतही सापडले आहे. त्यांचा वाटा नेमका किती, यावर मात्र अजून वाद आहे.

मडगावकर: आजारात हे गणित बिघडते, ते इथे सांगायलाच हवे. सिकल सेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) किंवा तीव्र मलेरियात पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन थेट प्लाझ्मात येते आणि भिंतीलगतचा वायू टिपून घेते. सोबत बाहेर पडणारे आर्जिनेज हे विकर कच्चा माल असलेले आर्जिनिनही संपवते. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाला शरीराच्या बेफाम प्रतिसादात) उलटे घडते: वायू भरमसाट तयार होतो आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून त्याची निर्मिती सरसकट रोखणारे औषध वापरून पाहिले, तेव्हा मृत्यू वाढल्याने चाचणी थांबवावी लागली.

फोंडेकरीण: आभारी आहे. प्रयोगशाळेत हे मोजता येते का?

म्हापशाचा पॅथॉलॉजिस्ट: वायू रक्तात टिकतच नाही, म्हणून बहुधा नायट्राइट-नायट्रेट मोजतात. आदल्या दिवशी तांबडी भाजी भरपूर खाल्ली असेल, तर आकडा पेशींमुळे नव्हे, भाजीतल्या नायट्रेटमुळे वाढलेला असू शकतो. त्या एकट्या आकड्यावरून रुग्णाला नायट्रिक ऑक्साइड वाढवण्याची पावडर विकणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे.