बोलावणं आतूनच जातं

अल्झायमरबद्दल एकांनी विचारलंय, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एवढा पक्का अडसर असताना टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, मेंदूत जातातच कशा? बोलावणं आतूनच जातं. २०२३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत हे दाखवलं: आजारी मेंदूपेशींच्या बाजूने सीएक्ससीएल१० हा रेणू सुटतो, टी पेशींवरचा सीएक्ससीआर३ हा ग्राही (असे रेणू ओळखणारं प्रथिन) तो हेरतो. मग आत शिरलेल्या पेशी न्यूरॉनची नासधूस वाढवतात. सीएक्ससीआर३ अडवला, की शिरकाव थांबतो. त्याच वर्षी सेंट लुईसला मेंदूत टाऊ (अल्झायमरमध्येही साचणारं प्रथिन) साचणाऱ्या उंदरांतल्या टी पेशी काढल्यावर मेंदूची झीज कमी झाली. अर्थात, उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

आणि इथे कोल्हापुरात आमच्या आत्तीसाठी लोक प्रतिकारशक्ती ‘वाढवायचे’ काढे आणून देतात! कुठली वाढवायची, हे कुणी विचारत नाही.