हळदीच्या पोत्यांवर जकात: घरची हळद, खरेदीचा माल आणि अडत, सगळ्याला एकच हिशोब का?

मार्केटयार्ड_सांगली:
अस्सलामु अलैकुम. जकातीबद्दल, म्हणजे मुसलमानाने आपल्या मालमत्तेतून दरवर्षी गरजूंना द्यायच्या अडीच टक्क्यांबद्दल, हनफी मसलकाप्रमाणे (फिकहाच्या, म्हणजे धर्मनियमांच्या, एका शाखेप्रमाणे) विचारतोय. वखारीत १४० पोती हळद आहे, पोतं ५० किलोचं. त्यातली ६० पोती मिरज तालुक्यातल्या घरच्या रानातली, म्हैसाळ योजनेच्या पाण्यावरची. ५० पोती सौद्यात खरेदी केलेली. उरलेली ३० शेतकऱ्यांची, अडतीवर (दलालीवर) विक्रीला आलेली. बाहेरच्या पार्ट्यांकडे उधारी येणं आहे, बँकेत थोडी शिल्लक आहे, शेतकऱ्यांच्या काही पट्ट्या (विकलेल्या मालाचे पैसे) द्यायच्या आहेत. घरात बायकोचं १३ तोळे सोनं. आतापर्यंत ३१ मार्चला वही बंद झाली की सगळा माल खरेदीच्या भावाने धरून त्यावर अडीच टक्के काढायची पद्धत आहे. हे बरोबर आहे का? सरसकट १४० पोती धरायची का?

पेवकरी_हरिपूर:
वालेकुम अस्सलाम. सरसकट अजिबात नाही. हळद एकच, वखार एकच, पण तीन ढिगांचे तीन हुकूम आहेत. जकातीत माल कसला आहे यापेक्षा तो कुणाचा आहे आणि हातात कसा आला, हे आधी बघतात.

अडतीची ३० पोती तुमची नाहीतच. ती अमानत, म्हणजे विश्वासाने तुमच्याकडे ठेवलेली. त्यांची जकात तुमच्यावर नाही. विक्री झाल्यावर तुमची अडत तेवढी तुमची.

खरेदीची ५० पोती हा तिजारतीचा (व्यापाराचा) माल. घेतानाच विकायची निय्यत होती, म्हणून यावर जकात आहे.

घरच्या रानातल्या ६० पोत्यांवर उश्र (पिकातून द्यायचा हिस्सा) आहे, जकात नाही. पुष्कळ जण इथेच चुकतात. स्वतःच्या जमिनीतून पिकलेला माल भाव वाढेल म्हणून दोन वर्षं ठेवला तरी तो तिजारतीचा माल होत नाही, कारण तो खरेदी करून आलेला नाही. एकदा उश्र दिला की पोती पडून असेपर्यंत त्यावर काही नाही. विकून पैसे आले की ते पैसे बाकीच्या रकमेत मिळतात आणि तुमच्या जकातीच्या तारखेला शिल्लक असतील तेवढे मोजले जातात.

खरेदीचा माल खरेदीच्या भावाने धरायचा नाही. तारखेच्या दिवशी तोच माल बाजारात ज्या भावाने जाईल तो भाव धरायचा. यार्डात रोज सौदे निघतात, त्यामुळे तुम्हाला भाव शोधत बसायला नको. लॉट मात्र वेगवेगळे लावा. राजापुरी हळकुंड, गट्टा आणि कणी या हळदीच्या वेगवेगळ्या प्रतींना एकच भाव लावला तर आकडा हमखास चुकतो.

नुसता समजायला हिशोब: भाव क्विंटलला १४,००० धरला तर ५० पोती म्हणजे २५ क्विंटल, ३,५०,००० रुपये. उधारी ६,००,००० आणि बँक व गल्ला मिळून २,५०,००० धरा. झाले १२,००,०००. त्यातून शेतकऱ्यांच्या द्यायच्या पट्ट्या १,६०,००० आणि हमाली-भाडं ४०,००० वजा. राहिले १०,००,०००. त्याला ४० ने भागा, २५,००० रुपये जकात. १४० पोती धरली असती तर ६,३०,००० रुपयांवर, म्हणजे १५,७५० रुपये जास्त गेले असते, आणि इतकं देऊनही उश्र बाकीच राहिला असता. काटा, बारदान शिवायचं मशीन, टेम्पो, वखारीची इमारत, यातलं काही मोजायचं नाही. विकायला आणलेलं कोरं बारदान असेल तर तो माल, तो मोजा.

उधारीत शेतकऱ्याला दिलेली उचलसुद्धा येते. परत येईल याची खात्री असलेली उधारी दरवर्षी धरून मोकळं होणं सोपं. वसूल झाल्यावर दिली तरी चालते, पण मग मागच्या सगळ्या वर्षांची द्यावी लागते, आणि तो हिशोब कुणी लिहून ठेवत नाही. पार्टी साफ नाकारते आणि तुमच्याकडे कागद नाही, असं येणं बाजूला ठेवा.

बँकेचं कर्ज असेल तर पाच वर्षांचं सगळं कर्ज एकदम वजा करून जकात शून्यावर आणू नका. या वर्षात देणं लागतो तेवढेच हप्ते वजा करा, असं आजचे बरेच मुफ्ती (धर्मनियमांवर निर्णय देणारे विद्वान) सांगतात.

आता ३१ मार्च. ती इन्कम टॅक्सची तारीख. जकातीचं वर्ष हिजरी, म्हणजे चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. तुम्ही पहिल्यांदा निसाबाचे (ज्या किमान मालमत्तेपासून जकात लागते तिचे) मालक झालात ती हिजरी तारीख तुमची. ती आठवत नसेल तर अंदाजाने एक ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रमजानच असला पाहिजे असं नाही. मार्च धरून चाललात तर दरवर्षी साधारण ११ दिवस निसटतात आणि ३२-३३ वर्षांत अख्ख्या एका वर्षाची जकात बुडते. वही बदलणं शक्यच नसेल तर २.५ ऐवजी २.५७७ टक्के काढा. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब पूर्ण असला की झालं, मध्ये रक्कम खाली गेली तरी फरक पडत नाही. पार शून्यावर आली तर मात्र मोजणी नव्याने सुरू.

गलाई_विटा:
१३ तोळ्यांबद्दल. किताबांतला साडेसात तोळ्यांचा निसाब जुन्या तोळ्याचा आहे, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणजे ८७.४८ ग्रॅम. आज पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम. त्यामुळे पेढीवरच्या साडेसात तोळ्यांना, म्हणजे ७५ ग्रॅमला, निसाब समजणं चूक. चांदीचंही तसंच, साडेबावन्न जुने तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम.

पण ८७ ग्रॅमच्या आत आहोत म्हणून सुटलो असंही नाही. फक्त सोनं असेल, दुसरं काहीच नसेल, तरच सोन्याचा निसाब लागतो. सोन्यासोबत थोडी चांदी किंवा गरजेपेक्षा जास्तीचे रोख पैसे असले की सगळ्याची मिळून किंमत करायची आणि ती ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीशी ताडायची. आजच्या भावात सोन्याच्या दोन-चार वस्तू असलेली बहुतेक बाई यात बसते.

तुमच्याकडे १३० ग्रॅम, म्हणजे प्रश्नच नाही. किंमत कशी काढायची ते सांगतो. घडणावळ धरायची नाही. मोडीला गेलात तर जो भाव मिळेल तो धरा. २२ कॅरेटचं असेल तर २२ चाच भाव, २४ चा नाही. तांब्याचा मेळ आहे म्हणून वजनातून तो वजा करत बसू नका. सोनं जास्त असलं की हनफी फिकहात सगळा नग सोनंच धरतात. खडे, मोती, लच्छ्यातले काळे मणी मात्र वगळा. आणि बोरमाळ, मोहनमाळ यांच्या मण्यांत लाख भरलेली असते. काट्यावर ३० ग्रॅम दाखवणाऱ्या माळेत सोनं बरंच कमी निघतं. पावतीवर निव्वळ वजन लिहिलेलं असतं ते बघा, नाहीतर सोनाराला विचारा.

सोनं बायकोचं असेल तर जकात तिच्यावर आहे, तुमच्या दुकानाच्या हिशोबात ते मिसळू नका. तिच्या परवानगीने तुम्ही भरलीत तर फिटते. तिला न सांगता भरून टाकली तर नाही.

कृष्णाकाठ_बागायत:
उश्राबद्दल कुणीतरी सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात जकात दहादा येते आणि उश्र एखाद्या वेळी.

नुसत्या पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा, पाण्याला खर्च किंवा कष्ट पडले तर विसावा. जावळी-महाबळेश्वरकडचं भात पावसावरचं, तिथे १० टक्के. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजना आहेत, पाणीपट्टी भरावी लागते, म्हणून ५ टक्के. विहीर-बोअरला मोटर असेल तरी ५. थोडं पावसावर, थोडं मोटरवर असेल तर पिकाच्या काळात जास्त पाणी कशाचं मिळालं ते बघायचं.

याला वर्ष पूर्ण व्हायची अट नाही, काढणी झाली की लागू. खत, औषध, मजुरी, नांगरट यांचा खर्च वजा होत नाही. लोक इथे कुरकुरतात, पण १० चं ५ झालं ते खर्चामुळेच. हनफी मसलक ज्यांच्या नावाने आहे त्या इमाम अबू हनीफांच्या मते यात निसाबही नाही, थोडं पिकलं तरी द्यायचं, आणि ऊस, द्राक्ष, हळद, भाजी सगळ्यावर. वाट्याने रान दिलं असेल तर ज्याचा त्याचा वाटा, ज्याचा त्याचा उश्र.

तुमची ६० पोती म्हणजे ३० क्विंटल वाळलेली हळद. ५ टक्के म्हणजे दीड क्विंटल, तीन पोती. पोती द्या नाहीतर तेवढ्याची किंमत द्या. ओली हळद काढल्यावर द्यायची असेल तर ओल्या वजनाचे ५ टक्के. शिजवून, वाळवून, पॉलिश करून वजन साधारण पाचव्या हिश्श्यावर येतं, म्हणून ओल्याचं वजन धरून वाळल्याचा भाव लावला की पाचपट आकडा निघतो आणि माणूस घाबरून देतच नाही.

एक गोष्ट खरी की भारतातल्या जमिनी उश्री (उश्र लागणाऱ्या) की खराजी (उश्राऐवजी खराज हा जमीनकर लागणाऱ्या) यावर उलमांत, म्हणजे धर्मविद्वानांत, जुना मतभेद आहे. तुमचा सातबारा कसा आला, वडिलोपार्जित की खरेदी आणि कुणाकडून, हे सांगून आपल्या मुफ्तीसाहेबांना एकदा विचारून घ्या. देणं हेच सावधपणाचं, असं बहुतेक सांगतात.

साताऱ्याचा_कोकणी:
आमच्याकडे शाफई हा दुसरा मसलक, म्हणून हिशोब वेगळा. वापरातले बेताचे दागिने असतील तर बायकांवर जकात नाही. हळद-उसावर उश्र नाही, साठवून पोट भरण्याच्या धान्यावर आणि खजूर-मनुका यांवरच आहे, तोही ठरावीक वजनाच्या वर. पण जास्त मान्य मतानुसार कर्ज वजा होत नाही, आणि अल्पवयीन मुलाच्या नावावरच्या पैशाचीही जकात पालकाने द्यायची. हनफींमध्ये मुलाच्या पैशावर नाही. दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलून मिसळू नका, एवढंच.

मार्केटयार्ड_सांगली:
जजाकल्लाह सगळ्यांना. आणखी तीन शंका. यार्डातल्या हमालांना ईदला दरवर्षी रक्कम देतो, ती यात धरू का? एका गरीब नातेवाइकाकडे २०,००० अडकलेत, ते सोडून दिले तर? आणि पुरात माल भिजला तर?

पेवकरी_हरिपूर:
हमाल गरजू आणि मुसलमान असेल तर त्याला जकात देता येते, पण ठरलेला बोनस किंवा मजुरीच्या बदल्यात दिलेली रक्कम जकात होत नाही. मोबदला नसावा आणि पैसा त्याच्या मालकीचा व्हावा. याच कारणाने मशिदीचं बांधकाम, कब्रस्तानची भिंत, मदरशातला पगार यांत जकात लागत नाही. बिगर-मुस्लिम हमालाला सदका (ऐच्छिक दान) द्या, त्याला कुणाची आडकाठी नाही. सय्यद (पैगंबरांच्या वंशातल्या) घराण्यात देऊ नका. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं आणि नवरा-बायको यांनाही चालत नाही. गरजू भाऊ, बहीण, आत्या, मावशी, मामा यांना चालते, उलट तिथे आधी द्यावी. ‘जकात आहे’ असं तोंडाने सांगायची गरज नाही, देताना किंवा वेगळी काढून ठेवताना निय्यत असली की पुरे.

२०,००० नुसते माफ केले तर जकात फिटत नाही. तो जकातीचा हकदार असेल तर २०,००० त्याच्या हातात द्या, तो मालक झाला की आपलं येणं मागून घ्या. आधी ‘परत देणार असशील तरच देतो’ अशी अट मात्र घालू नका.

पुराचं: २००५ च्या महापुरात आमच्या हरिपूरची बरीच पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) गेली, तेव्हापासून हा मसला (प्रश्न) इथे नेहमी निघतो. जकात लागू झाल्यावर माल आपोआप नष्ट झाला तर त्याची जकात उतरते, निम्मा गेला तर निम्मी. पण जकात लागू झाल्यावर माल विकला किंवा स्वतः खाल्ला तर ती तुमच्या मानेवरच आहे. भिजलेली हळद कमी भावाने विकली जात असेल तर ती नष्ट धरायची नाही, तिला त्या दिवशीचा भिजक्या मालाचा भाव लावा.

कृष्णाकाठ_बागायत:
राहिलंच, बेणं. पुढच्या लागणीसाठी गड्डे बाजूला काढून मग उरलेल्यावर उश्र मोजतात, तसं नको. ते पण याच पिकातलं. आधी एकूण वजन, त्यावर ५ टक्के, मग बेणं काढा.