सावलीची कड लिनोकटमध्ये कशी उतरवावी?

प्रश्न असा आहे की लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर (लिनोवर) चित्र कोरून, न कोरलेल्या भागाला शाई लावून कागदावर घेतलेल्या ठशात, शाई आणि कोरा कागद एवढेच असताना सावलीची मऊ कड कशी दाखवायची. माझ्या मते आधी ती कड मऊ का होते, हे पाहायला हवे. सूर्य आपल्याला बिंदूएवढा नव्हे, तर सुमारे अर्ध्या अंशाच्या तबकडीएवढा दिसतो. त्यामुळे भिंतीपासून एक मीटर दूर असलेल्या फांदीच्या सावलीची कड साधारण ९ मिलिमीटर रुंदीत विरत जाते, तर भिंतीला टेकलेल्या गजाची सावली धारदार राहते. म्हणून जवळच्या वस्तूची कड मी एकाच सलग रेषेने कापतो आणि दूरच्या वस्तूच्या कडेवर व्ही आकाराच्या बारीक कोरणीने उजेडाकडून काळ्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या रेघा ओढतो. झाडाखालचे कवडसे गोल असतात, कारण पानांमधल्या फटींतून सूर्याचीच प्रतिमा जमिनीवर पडते. ते गोल कोरणीने टिपावेत.

कोरलेला भाग ठशात पांढरा राहतो; म्हणजे इथे आपण सावली कोरत नाही, उजेड कोरतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. चित्रकार नंदलाल बोस यांचे १९३० चे गांधीजींचे लिनोकट याच दृष्टीने पाहावे: काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषांतून काठी घेऊन चालणारी आकृती उभी राहते.

सावली तासाभरात बरीच सरकते, तेव्हा बाह्यरेषा दहा मिनिटांत आखून घ्यावी आणि लिनोवर आरशातल्यासारखी उलटी उतरवावी, म्हणजे ठशात ती सुलटी येते.