कॅलिफोर्निया : पॅरालीगल सर्टिफिकेटसाठी भारतातली एलएलबी किती उपयोगी पडते?

प्रश्न : साक्षांकित_प्रत

बी.कॉम. आणि तीन वर्षांची एलएलबी, दोन्ही पुणे विद्यापीठाच्या. सध्या एच-4 वर (नोकरीच्या व्हिसावरच्या जोडीदारासोबतचा व्हिसा) सांता क्लारा काउंटीत, ईएडी (काम करायची परवानगी) हातात आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये पॅरालीगलचा (वकिलाच्या हाताखाली कायद्याचं काम करणारा सहायक) एबीएमान्य कोर्स, म्हणजे अमेरिकेतल्या वकिलांच्या संघटनेची मान्यता असलेला, करायचा विचार आहे.

1. एलएलबीचे विषय (करार, टॉर्ट, पुरावा) धरून कोर्स कमी होतो का?
2. 'एबीए अ‍ॅप्रूव्ह्ड' आणि 'अ‍ॅक्रेडिटेड' यात फरक काय? नोकरीसाठी कायद्याने नेमकं काय लागतं?
3. सगळा कोर्स ऑनलाइन करता येतो का?
4. अभ्यासात कुठे अडकायला होतं?

---

कलम_सहाचारपन्नास

आधी दुसरा प्रश्न, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. इथे तीन वेगवेगळ्या अटी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

अ‍ॅक्रेडिटेशन असतं अख्ख्या कॉलेजचं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांना ते एसीसीजेसी ही संस्था देते. एबीए, म्हणजे अमेरिकन बार असोसिएशन, मान्यता देते फक्त त्या कॉलेजातल्या पॅरालीगल कोर्सला. त्यामुळे कॉलेज मान्यताप्राप्त आहे पण कोर्स एबीएमान्य नाही, असं सर्रास असतं. एबीएच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी आहे. कॉलेजच्या माहितीपत्रकावर न जाता तिथे नाव बघा.

तिसरी अट राज्याच्या कायद्याची. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोड, कलम 6450. इथे पॅरालीगलला राज्याचा परवाना नाही, परीक्षाही नाही. पण स्वतःला पॅरालीगल म्हणवून घ्यायचं तर पुढच्यापैकी एक पात्रता हवी : एबीएमान्य कोर्सचं सर्टिफिकेट, किंवा मान्यताप्राप्त संस्थेतून कायद्याच्या विषयांचे किमान 24 सेमिस्टर युनिट्स (म्हणजे क्रेडिट्स) असलेलं सर्टिफिकेट वा पदवी, किंवा कोणत्याही विषयातली बॅचलर्स, सोबत वकिलाच्या देखरेखीखाली कायद्याच्या कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्या वकिलाचं लेखी निवेदन. हा वकील कॅलिफोर्नियात निदान तीन वर्षं वकिली करत असलेला किंवा या राज्यातल्या फेडरल कोर्टांत काम करणारा हवा. बारावीनंतर नुसत्या अनुभवावर मिळणारी वाट 2003 अखेर बंद झाली, जुन्या लेखांत अजून दिसते म्हणून सांगतो.

म्हणजे एबीएमान्य कोर्स कायद्याने सक्तीचा नाही. तरी तोच करा. मोठ्या फर्म्सच्या जाहिरातीत तो शब्द असतो, आणि दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथे ओळखला जाणारा कागद तोच.

भारतात विधी सेवा प्राधिकरणाचं पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून काम केलं असेल तर ते चांगलं काम आहे, बायोडेटात लिहा. पण वरच्या अनुभवाच्या अटीत ते बसत नाही.

---

युनिटमोजणी

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

एबीएच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे विद्यार्थ्याचे एकूण किमान 60 सेमिस्टर युनिट्स व्हावे लागतात. त्यात 18 सामान्य शिक्षणाचे, निदान तीन वेगळ्या शाखांमधले, आणि 18 'लीगल स्पेशालिटी'चे, म्हणजे खास कायद्याच्या विषयांचे. बहुतेक कॉलेजं कायद्याचे 24 किंवा जास्त ठेवतात, म्हणजे 6450 ची अटही त्यातच भागते. तुमच्या भागात काही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची आहेत (सत्रं छोटी, म्हणून युनिट्सचा आकडा दीडपट). तिथे 18 चे 27 होतात आणि 24 चे 36. दोन कॉलेजांची तुलना करताना हे विसरलं की एक कोर्स उगाच लांबलचक वाटतो.

तुमच्या पदव्यांचा फायदा होतो तो सामान्य शिक्षणात. कायद्याच्या विषयांत जवळपास नाही. भारतीय करार कायदा 1872 चा अभ्यास कितीही पक्का असला तरी लीगल स्पेशालिटीचा विषय अमेरिकन कायद्याचा आणि पॅरालीगलच्या प्रत्यक्ष कामाचा असावा लागतो. त्यावर अर्जविनंत्या करण्यात एक सेमिस्टर घालवू नका.

भारतीय पदव्यांचं मूल्यांकन नॅसेसच्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांची संघटना) सदस्य संस्थेकडूनच करून घ्या, आणि 'कोर्स बाय कोर्स' प्रकारचं. 'डॉक्युमेंट बाय डॉक्युमेंट' स्वस्त पडतं, पण त्यात विषयवार युनिट्स नसतात, त्यामुळे काउन्सेलरला काहीच देता येत नाही आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. बी.कॉम. आणि एलएलबी दोन्ही एकत्र पाठवा. नुसतं तीन वर्षांचं बी.कॉम. काही संस्था पूर्ण बॅचलर्स धरत नाहीत. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, त्यामुळे ती खटपट प्रवेशाच्या आधीच सुरू करा. पदवीच्या प्रमाणपत्रावरचं, मार्कलिस्टवरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकच आहे ना, तेही बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडा.

इंग्रजी लेखनाचा पहिला विषय मात्र बहुतेकांना करावाच लागतो. 2025 च्या फॉल सत्रापासून कम्युनिटी कॉलेजांत त्याचा समान क्रमांक सी1000 आहे.

पूर्ण ऑनलाइन : लीगल स्पेशालिटीचे किमान 9 सेमिस्टर युनिट्स थेट वर्गात किंवा ठरलेल्या वेळी शिक्षकासमोर व्हावे लागतात. 'केव्हाही रेकॉर्डिंग बघा' छापाचे वर्ग त्यात धरत नाहीत. वेळापत्रकात प्रत्येक वर्गापुढे तो कोणत्या प्रकारचा आहे ते लिहिलेलं असतं.

फी रहिवाशांना सेमिस्टर युनिटमागे 46 डॉलर. टर्म सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे पुरावे लागतात. एच-4 वाल्यांना रहिवासी धरतात, पण अर्जातला व्हिसाचा रकाना चुकीचा भरला की यंत्रणा परदेशी विद्यार्थ्याची फी लावते. ती युनिटमागे कित्येक पट असते.

---

तारीखवही

चौथा प्रश्न. अडकायला होतं ते सिव्हिल लिटिगेशन (दिवाणी दाव्यांचं कामकाज) आणि लीगल रिसर्चमध्ये, आणि बहुतेक वेळा कायदा न समजल्यामुळे नव्हे, तर तारीख आणि मांडणी चुकल्यामुळे.

उदाहरण घ्या. समोरच्या पक्षाने 3 मार्च 2025 ला कॅलिफोर्नियातूनच टपालाने लेखी प्रश्नावली बजावली. उत्तराची मुदत 30 दिवस. बजावणीचा दिवस मोजायचा नाही, म्हणून 30 वा दिवस येतो 2 एप्रिल. राज्यांतर्गत टपाल असल्यामुळे आणखी 5 दिवस, म्हणजे 7 एप्रिल. हीच बजावणी इलेक्ट्रॉनिक असती तर 5 ऐवजी 2 दिवस, पण ते कोर्टाच्या कामाचे. म्हणजे 4 एप्रिल. इथे दोन चुका ठरलेल्या : पहिला दिवस मोजणं आणि कॅलेंडरचे दिवस व कोर्टाचे दिवस यांची सरमिसळ करणं. मुदत चुकली तर प्रश्नांवरचे आक्षेप घ्यायचा हक्कच जातो, वकील-अशील गोपनीयतेचासुद्धा. म्हणून शिक्षक एका दिवसाच्या चुकीलाही पूर्ण गुण कापतात आणि ते योग्यच आहे.

प्लीडिंग पेपरवर, म्हणजे कोर्टात दाखल करायच्या कागदावर, डाव्या समासात 28 ओळींचे आकडे असतात. ओळ 1 पासून डावीकडे वकिलाचं नाव, बार क्रमांक, पत्ता. उजवीकडची तेवढी जागा क्लार्कच्या शिक्क्यासाठी कोरी. आठव्या ओळीवर कोर्टाचं नाव, अकराव्या ओळीपासून डावीकडे पक्षकार, त्यांच्यासमोर उजवीकडे केस नंबर. वर्डमध्ये मजकुराची ओळ आकड्यांपासून अर्धी सरकते, कारण परिच्छेदाचं अंतर 'मल्टिपल'वर राहिलेलं असतं. ते 'एक्झॅक्टली' करून आकड्यांच्या अंतराइतकं ठेवा.

रिसर्चमध्ये निवाडा सापडला की काम झालं असं समजू नका. तो अजून लागू आहे का, हे वेस्टलॉच्या कीसाइटवर किंवा लेक्सिसच्या शेपर्ड्सवर तपासल्याशिवाय असाइनमेंट देऊ नका. संदर्भ कॅलिफोर्निया स्टाइल मॅन्युअलप्रमाणे द्या किंवा ब्लूबुकप्रमाणे, कोर्टाला दोन्ही चालतात, पण एका दस्तऐवजात एकच.

---

साक्षांकित_प्रत

फारच उपयोगी, आभार. सनद घेतलेली नाही, त्याने काही फरक पडतो का? आणि सर्टिफिकेटनंतर ओळखीच्यांचे फॉर्म भरून द्यायचं छोटं काम घरून करता येईल का?

---

कलम_सहाचारपन्नास

दुसऱ्याचं उत्तर आधी : नाही. पॅरालीगलने वकिलाच्या देखरेखीखालीच काम करायचं. थेट लोकांना सल्ला देणं, कोणता फॉर्म लागेल ते निवडून सांगणं, तो तयार करून देणं, सगळं बंद. पैसे न घेता, मंडळातल्या काकूंच्या भाडेकराराचा मसुदा केला तरी तो 'वकिलाव्यतिरिक्त कुणासाठी तरी' केलेला मसुदाच. थेट ग्राहकांची कामं घेतली तर पहिल्या वेळी प्रत्येक ग्राहकामागे 2,500 डॉलरपर्यंत दंड, दुसऱ्या वेळी काउंटी जेलही होऊ शकते. घरूनच काम करायचं असेल तर त्यासाठी लीगल डॉक्युमेंट असिस्टंट ही वेगळी नोंदणी आहे : काउंटीत नोंद, 25,000 डॉलरचा बाँड (हमीपत्र), आणि तिथेही सल्ला द्यायला मनाईच.

नोकरी लागल्यावर दर दोन वर्षांनी 4 तास लीगल एथिक्स आणि 4 तास कायद्याचं शिक्षण घ्यावं लागतं. त्याची नोंद ठेवायची जबाबदारी तुमची, फर्मची नाही. प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये ठेवत चला.

सनदेने मात्र मोठा फरक पडतो. परदेशात वकील म्हणून नोंदणी असलेल्या माणसाला कॅलिफोर्नियाच्या बार परीक्षेला इथलं आणखी शिक्षण न घेता बसता येतं. नुसत्या एलएलबीवर ते जमत नाही. परत जाऊन महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची नोंदणी आणि एआयबीई (अखिल भारतीय बार परीक्षा) करणं शक्य असेल, तर कोर्सची फी भरण्याआधी त्या वाटेचाही हिशेब मांडून बघा.